'निवांत' कुणाच्या वाट्याला?

शाहूवाडीत कुणालाही 'काय चाललंय?' विचारा, 'हाय की, निवांत' असं उत्तर येतं. उत्तर देणाऱ्याच्या डोक्यावर वैरणीचा भारा असतो, नाहीतर तो आषाढाच्या पावसात, चिखलात उभा राहून भाताची रोपं लावत असतो. निवांत असायला इथं काम थांबावं लागत नाही. 'निवांत या', 'निवांत जेवा', 'निवांत बोलू'. शब्द क्रियापदाला चिकटतो आणि ते काम घाई न करता कसं करायचं, एवढं सांगतो.

आमच्या आयटीतल्या 'चिल'ला मात्र सुट्टी लागते, जमलं तर आंबा घाटातलं रिसॉर्टही. शिवाय चिल ही आज्ञा आहे. रात्री अकराला प्रॉडक्शनवर बग आला, तुम्ही डेडलाइनबद्दल कुरकुरलात, की ग्रुपवर मेसेज येतो, 'चिल यार'. तक्रार तिथंच मिटते. डेडलाइन तशीच राहते आणि तापट तुम्ही ठरता.

गंमत अशी की चिलचा मूळ अर्थ गारवा, आणि कानाला निवांतच्या शेजारी बसणारं 'निवणं' म्हणजेही गार होणंच. चहा निवतो, नातवंड दिसलं की जीव निवतो. पण 'निव!' असं कुणी कुणाला सांगत नाही. निवायला वेळ लागतो, आणि तो दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो. पाहुण्याला 'निवांत जेवा' म्हणणारा स्वतः वाढायला थांबलेला असतो. म्हणून मला हा शब्द चिलपेक्षा जास्त आवडतो.

पण रील्सवाल्यांचं निवांत वेगळं. धुकं, चूल, भाकरी आणि खाली कॅप्शन. गावात या शब्दाला टोचणारी टोकंही आहेत. नोकरी नसलेल्या पोराबद्दल 'त्याचं काय, निवांत हाय' म्हणतात तेव्हा तो सरळ टोमणा असतो. आणि भाकरी थापणारी? कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'जातो, येतो' असंच बोलतात. ती म्हणते, 'तुम्ही घ्या खाऊन, मी मागनं निवांत जेवतो.' इथं निवांतचा अर्थ सगळ्यांच्या नंतर, उरलेलं, गार झालेलं. तिला 'निवांत जेव' म्हणत वाढायला तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नसतं.