न लिहिलेली पत्रे

आयर्लंडमधील एका लहान गावातल्या घरी अमेरिकेहून सुटीवर आलेले एक धर्मगुरू चहाला आले आहेत. बोलता बोलता ते सुचवतात की, ब्रुकलिनमधल्या त्यांच्या धर्मग्रामात एखाद्या हुशार मुलीला चांगली नोकरी मिळू शकेल. आई गप्प बसते, थोरली बहीण गप्प बसते. त्या शांततेतच धाकट्या आयलिशला उमगते की, आपले जाणे ठरले आहे. तिला कोणी विचारलेले नाही आणि तिनेही 'नको' म्हटलेले नाही.

कॉलम टोबीन या आयरिश लेखकाच्या 'ब्रुकलिन' (२००९) या कादंबरीचे बीज या प्रसंगात आहे. टोबीन यांचा जन्म १९५५ साली एनिस्कॉर्थी येथे झाला आणि आयलिशचे गावही तेच. कथेचा काळ १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांचा आहे. त्या एका दशकात आयर्लंडमधून सुमारे चार लाख माणसे पोटासाठी बाहेर पडली. १९६१ साली त्या देशाची लोकसंख्या जेमतेम अठ्ठावीस लाख उरली होती. आयलिशचे भाऊ आधीच इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला गेले आहेत. ती स्वतः एका खडूस बाईच्या किराणा दुकानात रविवारची मिस्सा आटोपल्यावर गिऱ्हाइके सांभाळते. गावात तिच्यासाठी याहून अधिक काही नाही.

परदेशी गेलेल्या स्त्रीची कथा म्हटली की छळ, उपासमार, फसवणूक यांची आपण अपेक्षा करतो. येथे तसे काहीच नाही. आयलिशला मोठ्या दुकानात सचोटीची नोकरी मिळते, राहायला अब्रूदार घर मिळते आणि हिशेबनिशीच्या रात्रवर्गात प्रवेश मिळतो. फादर फ्लड तर मनाने खरोखरच चांगले आहेत. मग या कादंबरीत घडते तरी काय? माझ्या मते जे घडते ते पत्रांत, किंबहुना पत्रांतून वगळलेल्या मजकुरात घडते.

घरून पहिली पत्रे येतात आणि आयलिश कोलमडते. दुसऱ्या दिवशी तिला दुकानात धड उभेही राहवत नाही. ती खोली आपली नाही, रस्त्यावरचे एकही माणूस आपले नाही, हे तिला एकाएकी जाणवते. परंतु हे घरी कसे कळवावे? आई रडेल, आणि बहीण रोझने केलेला त्याग वाया गेला असे होईल. म्हणून घरी जाते ते सुखरूप असल्याचे पत्र. पुढे टोनी या इटालियन वंशाच्या नळकारागिराशी तिची मैत्री होते. ती गोष्ट ती फक्त रोझला कळवते, आणि तेही आईच्या हाती पडू नये म्हणून तिच्या कचेरीच्या पत्त्यावर.

दडवणारी ती एकटी नाही, आणि येथेच लेखकाची दृष्टी खोल जाते. रोझला हृदयाचा विकार आहे हे तिने स्वतः कोणालाच सांगितलेले नाही. धाकटीला बिनघोर जाता यावे म्हणून ती हसतमुखाने तिची पेटी भरते. रोझच्या आकस्मिक मृत्यूनंतर आयलिश गावी येते, पण निघण्यापूर्वी तिने टोनीशी गुपचूप नोंदणी विवाह केलेला असतो. गावात ती हे कोणाला सांगत नाही. दिवस जातात, जिम फॅरल या सज्जन तरुणाचा सहवास वाढत जातो आणि न सांगितलेले प्रत्येक दिवशी अधिक अवघड होत जाते. प्रेमापोटी धरलेले मौन आधी सवय बनते आणि मग असत्य. हा उतार टोबीन इतक्या संथपणे दाखवतात की वाचकाला आयलिशचा राग येण्याऐवजी स्वतःच्या घरातली मौने आठवू लागतात. अखेरीस आईला सत्य कळते. ती आक्रोश करत नाही. मुलगी सकाळी जाणार म्हणून ती रात्रीच निरोप घेते आणि आपल्या खोलीचे दार लावून घेते. ज्या घरात कोणी कोणाला विचारत नव्हते, त्या घरातला तो निरोप आहे.

कादंबरीतील सर्वांत सुंदर प्रसंग ख्रिस्तजयंतीचा आहे. फादर फ्लड धर्मग्रामाच्या सभागृहात एकाकी आयरिश म्हाताऱ्यांना जेवण देतात. त्या शहराचे बोगदे आणि पूल उभारण्यात ज्यांचे तारुण्य गेले, ती ही माणसे. आयलिश त्यांना वाढते. जेवणानंतर एकजण आयरिश भाषेत गाऊ लागतो आणि गाताना तिचा हात हातात घेतो. टोबीन येथे एकही उपदेश करत नाहीत. परक्या देशात म्हातारपण कसे येते, हे त्या मुलीला वाढता वाढता दिसते, एवढेच.

कादंबरीत मला एक उणीवही जाणवते. आयलिश जेथे काम करते ते दुकान कृष्णवर्णीय स्त्रियांना ग्राहक म्हणून प्रथमच आत घेते आणि त्यांच्यासाठी वेगळ्या छटांचे पायमोजे ठेवते. ते विकायला आयलिशला उभे केले जाते, तर तिच्याबरोबर राहणाऱ्या आयरिश मुली त्यावर नाके मुरडतात. कालची परकी आज दुसऱ्या परक्यांपुढे गल्ल्याच्या या बाजूला उभी आहे, हे केवढे मोठे नाट्य होते! परंतु त्या ग्राहक स्त्रियांना कादंबरीत नाव नाही, आवाज नाही. हा संयम मला लेखकाची कला वाटत नाही. येथे त्याची नजर थिटी पडली आहे.

अशा वेळी मला रूथचा ग्रंथ आठवतो. नामी दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेली आणि तेथे पती व दोन्ही मुलगे गमावून परतली. तिची मवाबी सून रूथ तिच्याबरोबर परक्या देशात आली. प्रवचनात आपण सारे रूथच्या पहिल्या अध्यायातील निष्ठेच्या शब्दांवर बोलतो, मीही बोललो आहे. पण पुढे काय होते? शेतात सरवा वेचणाऱ्या रूथला पाहून बवाज चाकराला विचारतो, ही कोणाची? तिचे नाव तो विचारत नाही. चाकरही नाव सांगत नाही, मवाबातून आलेली मुलगी असे म्हणतो. दुसऱ्याच्या शेतात तिला उपद्रव होऊ शकेल, ही भीती नामीच्या तोंडी आहे. आणि चौथ्या अध्यायात, जेथे तिच्या विवाहाचा निवाडा वेशीवर पुरुषांत होतो, तेथे रूथ एक शब्दही बोलत नाही. मूल जन्मते तेव्हा शेजारणी म्हणतात की नामीला मुलगा झाला. सात मुलग्यांहून ही सून बरी, हे त्याच शेजारणींचे कौतुक खरे. पण ती सून त्या वेळी काय म्हणाली, ते शास्त्रलेखकाने नोंदवलेले नाही. संत मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव घातले, हा तिचा गौरव. तरीही तिच्या मौनाची जागा रिकामीच राहते आणि ती रिकामी आहे याचे भान आपण ठेवायला हवे.

आयलिश ब्रुकलिनला गेली त्याच सुमारास, १९५२ साली, पोप बारावे पायस यांनी स्थलांतरितांविषयीचे 'एक्सुल फामिलिया' हे आज्ञापत्र काढले. इजिप्तला पळालेले पवित्र कुटुंब हा प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श, असे त्यात म्हटले आहे, आणि स्थलांतरितांना त्यांच्याच भाषेचे धर्मगुरू मिळावेत अशी योजना आहे. फादर फ्लड असेच एक धर्मगुरू आहेत. ते नोकरी मिळवून देतात, शुल्काची सोय करतात, रोझच्या मृत्यूची बातमी स्वतः दुकानात येऊन सांगतात. आयलिशच्या दुःखावर त्यांचा उपाय मात्र कामाचा आणि अभ्यासाचा. तो उपाय लागू पडतो. तथापि, त्या पहिल्या चहाच्या वेळी न विचारलेला प्रश्न राहतोच: बाळ, तुला जायचे आहे का?

हे लिहिताना माझे बोट माझ्याकडेच वळते. परदेशी निघालेल्या मुलींसाठी मी चारित्र्याचे दाखले लिहिले आहेत. पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक निरक्षर आई आखातात घरकामाला गेलेल्या मुलीची पत्रे माझ्याकडून वाचून घेत असे. सर्व ठीक आहे, पैसे पाठवले आहेत, सर्वांना प्रणाम, असा त्यांचा ठरलेला मजकूर. तीन वर्षांनी मुलगी परतली तेव्हा कळले की ती स्वयंपाकघराच्या फरशीवर झोपत होती आणि तिचा पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात होता. मी विचारले, हे पत्रात का लिहिले नाहीस? ती खाली पाहत म्हणाली, "फादर, पत्र तुम्ही मोठ्याने वाचणार होता ना."

त्या उत्तरानंतर मी 'ब्रुकलिन' पुन्हा वाचली आणि या वेळी फादर फ्लडवर माझे लक्ष अधिक गेले. टोबीन यांनी २०२४ साली 'लाँग आयलंड' ही पुढची कादंबरी लिहिली. तीत १९७६ सालची, संसार थाटलेली आयलिश भेटते. टोनीला दुसऱ्या स्त्रीपासून मूल होणार आहे आणि त्या मुलाचे काय करावयाचे, हे सासूच्या घरात तिच्या अपरोक्ष ठरत आहे. पंचवीस वर्षांनंतरही बैठक तीच आहे, फक्त खोली बदललेली आहे. या वेळी मात्र आयलिश नकार देते.

पहिली कादंबरी इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या घरांत यावी, विशेषतः जेथे मुलीच्या परदेशी जाण्याची तयारी चालू आहे तेथे. निळ्या आंतरदेशीय आणि हवाई पत्रांचे दिवस गेले. आता मुलगी रोज पडद्यावर दिसते, हसते, जेवलीस का म्हणून विचारते. पडद्याच्या चौकटीबाहेरची फरशी मात्र आजही दिसत नाही. तेव्हा दाखल्यासाठी आमच्याकडे येताना मुलीलाही सोबत आणा. मी तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोलेन, आणि त्यानंतरच सही करीन.