तळघरातली शांतता

मंडळी, केळझरच्या सभेत व्हिडिओ गेमवर व्याख्यान म्हटल्यावर काही भुवया उंचावणारच. उंचावू द्या! आम्ही वर्गात प्रमाणं शिकवत होतो, तेव्हा संगणकाच्या खोलीत पोरं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत. जॉर्डन मेकनरचा १९८९चा खेळ; राजकन्येला ६० मिनिटांत सोडवायचं.

तळघरात संगीत जवळपास नाहीच. पावलं वाजतात, सैल फरशी खाली आपटते, मग पुन्हा शांत. भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’ला स्वतंत्र प्रमाण मानतात : भुईवर घडा असता तर दिसला असता, दिसत नाही, म्हणून नाही. या खेळातली भीती नेमकी त्या ‘असता तर’वर घाव घालते. तिसऱ्या टप्प्यात सांगाडा पडलेला असतो. हालचाल नाही, तेव्हा जीव नाही, असं आपण ठरवून टाकतो. बाहेरचं दार उघडलं की तोच तलवार घेऊन उभा राहतो!

म्हणून जुनं ते सगळं चांगलं, असं नव्हे. मारिओ अखंड वाजतो. त्याची धून लक्षात राहते, जागा नाही. आजच्या बऱ्याच खेळांत तर कुठे घाबरायचं, हेही संगीतच आधी सांगतं. मग शोधायचं काय?

आम्ही स्वतः त्या सांगाड्यापुढे कधी गेलो नाही, हेही कबूल करतो.