आजीला दिसणारी मुलं आणि ‘नियंत्रित भास’

अनिल सेठ यांचं एक वाक्य गेली काही वर्षं माझ्या फोनवर सारखं येऊन धडकतंय. कधी रीलमध्ये, कधी कुणाच्या स्टेटसला. आशय असा, की आपल्या सगळ्यांनाच सतत भास होत असतात आणि त्या भासांबद्दल एकमत झालं की आपण त्याला वास्तव म्हणतो. सेठ हे इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातले मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक. २०१७ च्या टेड टॉकमध्ये ते हे बोलले आणि वाक्य सुटलं ते सुटलंच. आपल्याकडे तर ते फारच पटकन रुजलं. ‘म्हणजे शेवटी सगळी मायाच की!’ असं म्हणून लोक ते पुढे पाठवतात.

मला हे वाक्य आवडत नाही. त्यामागचं पुस्तक मात्र आवडतं. हा फरक का करावासा वाटतो, तेच इथे सांगायचं आहे.

पुस्तकाचं नाव ‘बीइंग यू’, २०२१ सालचं. मांडणी थोडक्यात अशी: मेंदू कवटीच्या अंधारात बंद असतो. त्याच्यापर्यंत ना उजेड पोचतो, ना आवाज. पोचतात ते फक्त विद्युत संकेत, तेही अर्धवट आणि संदिग्ध. मग बाहेर काय असेल याचा मेंदू आधीच्या अनुभवावरून अंदाज बांधतो आणि येणाऱ्या संकेतांशी तो ताडून दुरुस्त करत राहतो. आपल्याला ‘दिसतो’ तो हा अंदाज. पाहणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झनेही मांडली होती. सेठ यांनी तिला ‘नियंत्रित भास’ या शब्दांत लोकांपर्यंत पोचवलं.

२०१५ च्या फेब्रुवारीत गाजलेला तो ड्रेसचा फोटो आठवतोय? अर्ध्या जगाला निळा-काळा दिसला, अर्ध्याला पांढरा-सोनेरी. ड्रेसवर उजेड कुठला पडलाय, याचा प्रत्येकाच्या मेंदूने वेगळा अंदाज केला आणि त्या हिशेबाने रंग ठरवला. सेठ हे उदाहरण फार छान उलगडतात. पण एक गोष्ट आपण विसरतो. तो ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळाच होता. हे मतदान घेऊन ठरलं नाही. मूळ ड्रेस पाहून ठरलं. समजा सगळ्या जगाला तो पांढरा-सोनेरी दिसला असता, अगदी एकमत झालं असतं, तरी कापडाचं काहीच बदललं नसतं.

इथे मला आमची आजी आठवते.

आजी साताऱ्याला असायची. ऐंशी ओलांडल्यावर तिच्या डोळ्यांचा पडदा मध्यभागी झिजत गेला. समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना, कडेचं तेवढं दिसायचं. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, “अगं, उंबऱ्यावर ती पोरं कुणाची बसलीत?” उंबऱ्यावर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन-चार मुलं, रंगीत टोप्या घातलेली, बोटभर आकाराची, एक शब्द न बोलणारी.

घरात लगेच एकमत झालं. तेही दोनदा. आधी काकूने ठरवलं, की ‘बाहेरचं’ काहीतरी आहे. अंगारा लावून झाला, दृष्ट काढून झाली. मग बाबांनी ठरवलं, की आईचं डोकं चालेनासं झालंय, वय झालं, आता असंच चालायचं. यावर मात्र सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा. मुलं दिसली की आजीने मला सांगावं आणि मी “हो गं, हो” म्हणून फोनमध्ये डोकं घालावं, असं बरेच महिने चाललं. पुढेपुढे तिने सांगणंच बंद केलं.

नंतर कधीतरी ऑलिव्हर सॅक्स यांचं ‘हॅल्युसिनेशन्स’ (२०१२) हातात आलं. पहिल्याच प्रकरणात आजी भेटली. नजर गेलेल्या किंवा अधू झालेल्या, पण डोकं अगदी ठिकाणावर असलेल्या अनेकांना अशी चित्रं दिसतात: माणसं, चेहरे, नक्ष्या, आणि चक्क छोट्या आकाराची, टोप्याबिप्या घातलेली माणसं. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. स्वित्झर्लंडच्या चार्ल्स बॉनेने १७६० मध्ये आपल्या आजोबांचे असे अनुभव लिहून ठेवले होते. आजोबांची नजर मोतीबिंदूने गेली होती. डोळ्यांकडून येणारे संकेत आटले, की मेंदूचा पाहणारा भाग गप्प बसत नाही, आपलं आपण काहीतरी रंगवू लागतो. १९९८ साली अशा रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध झाले. चेहऱ्यांचे भास होत असताना चेहरे ओळखणारा भागच जागा झालेला दिसत होता.

म्हणजे सेठ यांची मांडणी आजीला अगदी चपखल बसते. अंदाज बांधणं चालूच होतं, दुरुस्ती करणारे संकेत कमी पडले. मग माझी तक्रार कशाबद्दल?

त्या ‘एकमता’बद्दल. आमच्या घरात एकमत होतं आणि ते दोन्ही वेळा चुकलं. घरात एकटी आजी बरोबर होती. ती एकदा मला म्हणाली होती, “नाहीयेत हे कळतं गं मला. हात लावायला जाते तर हाताला काही लागत नाही. पण दिसतात, त्याला काय करू?” डोळ्यांनी दिलेली साक्ष ती हाताने तपासत होती. हे मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

सेठ यांच्या पुस्तकाला हे मान्य नाही असं नाही. लॉकचा आधार घेऊन ते सांगतात, की रंग पाहणाऱ्यावर अवलंबून असेल, पण वस्तूचं भरीवपण आणि जागा व्यापणं तसं नसतं. ‘नियंत्रित भास’ यातलं ‘नियंत्रित’ त्यांना ‘भास’ इतकंच महत्त्वाचं आहे. पण टाळ्या ‘भास’ला पडतात. आणि ते टाळीचं वाक्य त्यांनी स्वतःच आपल्या हातात दिलंय, त्यामुळे सगळा दोष रील बनवणाऱ्यांवर ढकलता येणार नाही.

मायेचं म्हणाल, तर आपल्याकडचं दोरीत साप दिसण्याचं उदाहरणही दिवा आणण्यापाशी संपतं. वेदान्त्यांनीसुद्धा दोरीवरचा साप आणि रोजच्या व्यवहाराचं जग एकाच खात्यात टाकलं नाही; एकाला प्रातिभासिक म्हटलं, दुसऱ्याला व्यावहारिक. ‘सगळी मायाच’ म्हणून हात झटकणं त्या परंपरेतही बसत नाही.

पुस्तकाबद्दल माझा खरा आक्षेप वेगळा आहे. त्यात अंदाज आणि दुरुस्तीचा खेळ बहुतेक एकाच कवटीत चालतो. ‘सामाजिक स्व’ पुस्तकात येतो, पण इतरांच्या नजरेत मी कोण आहे यासाठी. माझ्या पाहण्यातली चूक दुरुस्त करणारा दुसरा माणूस त्यात मला फारसा सापडला नाही. आजीला तोच हवा होता. “तुला दिसतायत का गं?” असं ती विचारायची तेव्हा ती आमचं मत मागत नव्हती, आमचे डोळे उसने मागत होती. “नाही दिसत, तुला काय दिसतंय ते सांग,” एवढं उत्तर पुरलं असतं. आम्ही अंगारा दिला, नाहीतर “हो गं, हो.”

सॅक्स इथे पुढे जातात. त्यांच्याकडे एवढा मोठा सिद्धान्त नाही. पण ते पेशंटला विचारतात, काय दिसतं, कुठल्या रंगाचं, किती वेळ. आणि पेशंटवर विश्वास ठेवतात.

मी आजीला बॉनेच्या आजोबांची गोष्ट फोनवर सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्यांनापण बाहेरचं झालंय म्हणाले का?” मी म्हटलं, नाही, नातवाने सगळं लिहून ठेवलं. “शहाणा होता,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी उंबऱ्यावर किती जण होते ते सांगू लागली.

दोन्ही पुस्तकं जरूर वाचा, आधी सॅक्स आणि मग सेठ. ते व्हायरल वाक्य मात्र पुढे पाठवताना त्यातलं ‘एकमत’ खोडून तिथे ‘तपासणी’ लिहा. तेवढं कमी चटकदार होईल, चालेल.