पावसावाचून शेती : ‘द सिम्स ४ : कॉटेज लिव्हिंग’मधील ग्रामप्रतिमेची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय खेळाकडे साहित्यकृतीप्रमाणे पाहण्याची सवय मराठी समीक्षेत अद्याप फारशी रुजलेली नाही. वास्तविक कादंबरी वा चित्रपटाप्रमाणेच खेळही जीवनाची एक प्रतिमा उभी करतो. वाचक त्या प्रतिमेकडे पाहतो. खेळाडू मात्र तिच्या नियमांनुसार वागतो. म्हणून खेळातील नियमांची चिकित्सा हे समीक्षेचेच कार्य ठरते.

विल राइट यांनी रचलेला ‘द सिम्स’ हा खेळ फेब्रुवारी २००० मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ साली ओकलंड येथील वणव्यात राइट यांचे घर जळाले होते. उद्ध्वस्त संसार पुन्हा उभारताना आलेल्या अनुभवाशी या खेळाच्या कल्पनेचा संबंध जोडला जातो. घर बांधणे, कुटुंबाची भूक, झोप व करमणूक सांभाळणे, नोकरी, विवाह, अपत्ये असे त्याचे स्वरूप आहे. मराठी वाचकाला येथे भातुकलीची आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच की, भातुकलीचे नियम खेळणारी मुले ठरवतात. येथे ते निर्मात्यांनी आधीच ठरवलेले असतात. खेळाची चौथी आवृत्ती २०१४ मध्ये आली. मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य झाला. मात्र त्यात भर घालणारे विस्तारसंच स्वतंत्रपणे विकले जातात. २२ जुलै २०२१ रोजी प्रसिद्ध झालेला ‘कॉटेज लिव्हिंग’ हा त्यांपैकीच एक. त्यातील ग्रामप्रतिमेची रायगडच्या अंतर्भागातील, विशेषतः कर्जत तालुक्यातील कळंब परिसराच्या संदर्भात तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विस्तारसंचाचे स्वरूप व गुण

या संचातील ‘हेनफर्ड-ऑन-बॅगली’ हे काल्पनिक गाव इंग्लंडच्या खेड्यावर बेतलेले आहे. खेळाडू तेथे गाय, लामा व कोंबड्या पाळतो, भाजीपाला पिकवतो, गावकऱ्यांची लहानसहान कामे करतो आणि जत्रेतील स्पर्धेत आपला भोपळा किंवा गाय उतरवतो. ‘साधे राहणीमान’ हा नियम स्वीकारल्यास हाताशी जिन्नस असल्याखेरीज स्वयंपाक करता येत नाही.

या रचनेचे गुण मान्य केले पाहिजेत. जनावरांशी जिव्हाळा राखावा लागतो, त्यांची निगा घ्यावी लागते. त्यांची कत्तल करण्याची सोयच खेळात नाही. अन्न कोठून येते, हा शहरी मुलाच्या विस्मृतीत गेलेला प्रश्न येथे पुन्हा विचारला जातो. शेजाऱ्यावाचून गावात निभावत नाही, हेही खेळाडूच्या ध्यानी येते.

पाऊस : स्वतंत्र किमतीचा

तथापि, या शेतीत पाऊस नाही. ऋतुचक्र व पर्जन्य हे ‘सीझन्स’ या जून २०१८ मध्ये आलेल्या निराळ्या विस्तारसंचात आहेत. तो विकत न घेता शेती करणाऱ्यास अवर्षण नाही, अतिवृष्टी नाही. झारीने पाणी घातले की पीक येते. शेतीचा संच आणि पावसाचा संच परस्परांपासून वेगळे करून विकता येतात, यातच या ग्रामप्रतिमेचे मर्म आहे.

कळंब परिसरातील भातशेती या विभाजनाला जागा देत नाही. राब भाजणे, पेरणी, लावणी, कापणी, झोडणी या साऱ्या कामांचा क्रम पावसाने बांधलेला असतो. भात निघाल्यावर वाल घेतला जातो, तोही जमिनीत उरलेल्या ओलीच्या भरवशावर. याच टापूतील खोपोलीशी निगडित असलेले कादंबरीकार र. वा. दिघे यांच्या ‘पाणकळा’ व ‘पड रे पाण्या’ या कादंबऱ्यांच्या शीर्षकांतच पाऊस आहे. दिघे यांच्या लेखनावर अद्भुतरम्यतेचा आक्षेप घेतला गेला आहे. परंतु त्यांच्यासारख्या रम्यतेकडे झुकणाऱ्या लेखकालाही पाऊस वगळून गाव रंगवता आले नाही, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

श्रम आणि मालकी

दुसरी उणीव श्रमासंबंधीची आहे. खेळात माळी कामाला ठेवता येतो. तो येतो, काम करतो, मजुरी घेऊन निघून जातो. त्याचे घरदार मालकाच्या कथेत येत नाही. जमीन विकत घेणारा तोच तिचा निर्वेध मालक असतो. कूळ नाही, सावकार नाही, वाटणीचा तंटा नाही. याउलट कर्जत तालुक्याच्या इतिहासात शेतकऱ्याला सावकारी पाशातून सोडवण्यासाठी धान्यकोठ्या उभारणारे भाई कोतवाल आहेत. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना हौतात्म्य आले. याच तालुक्यातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्टीची वाट धरतात. ही माणसे वगळली, तर गावाचे केवळ निसर्गचित्र उरते.

हीच रीत ऑक्टोबर २०२१ मधील ‘फॅशन स्ट्रीट’ या छोट्या संचातही दिसते. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून स्फुरलेले कपडे त्यात आहेत. फेरीवाला आणि भावाची घासाघीस मात्र नाही.

एक संभाव्य आक्षेप

इंग्लंडच्या खेड्यावर बेतलेल्या खेळाकडे कोकणच्या पावसाची मागणी करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप घेतला जाईल. करमणुकीच्या साधनाने कर्जबाजारीपणा दाखवावा काय, असेही विचारले जाईल. हे दोन्ही आक्षेप अंशतः ग्राह्य आहेत. परंतु इंग्लंडच्या खेड्यालाही सामाईक कुरणांना कुंपण घातल्याने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांचा इतिहास आहे. तोही येथे वगळलाच गेला आहे. शिवाय या प्रतिमेचा परिणाम पडद्यापुरता राहत नाही. कर्जत-नेरळ-कळंब भागातील शेतघरांच्या जाहिरातींत दिसणारे गाव याच जातीचे असते : हिरवळ, टुमदार घर, शुद्ध हवा, आणि तेथे आधीपासून राहणारा माणूस अनुपस्थित. नेरळची सगुणा बाग कृषिपर्यटनाचेच केंद्र आहे. पण तेथे पाहुण्याला निदान प्रत्यक्ष भातखाचर भेटते.

निष्कर्ष

‘कॉटेज लिव्हिंग’ हा आस्वाद्य आणि कुशलतेने रचलेला खेळ आहे. जनावरांविषयीची त्याची ममता खरी आहे. मात्र गावातील अनिश्चितता, श्रम व मालकीचे संबंध वगळून तो शहराला हवे असलेले गाव घडवतो. ग्रामीण साहित्य शिकवणाऱ्या अध्यापकांनी अशा खेळाला क्षुल्लक समजून बाजूला सारू नये. ‘पाणकळा’सोबत तो वर्गात ठेवावा आणि या गावात काय नाही, याची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. ज्यांच्या घरच्या जमिनीला आज शेतघरासाठी गिऱ्हाईक येत आहे, त्या विद्यार्थ्यांना ही यादी करणे अवघड जाणार नाही. आणि जमिनीचा व्यवहार ठरण्यापूर्वी ती त्यांच्या हाती असणे अगत्याचे आहे.