आईची भूमिका, मुलाचा पुरस्कार

आजचा विषय आहे सिनेमाचे पुरस्कार, नट्यांचं वय आणि स्त्रीवाद. आता कुणी म्हणेल, भोर-वेल्ह्यातल्या माणसाला याच्याशी काय देणंघेणं? आहे. ते कसं, हे शेवटाकडे सांगतो. आधी थोडा हिशेब करू.

सुलोचनाबाई लाटकर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. जन्म १९२८ चा. १९७० साली ‘जॉनी मेरा नाम’ आला, त्यात त्या देव आनंद यांच्या आई होत्या. देव आनंद यांचा जन्म १९२३ चा. म्हणजे आई मुलापेक्षा पाच वर्षांनी लहान! ‘दीवार’ १९७५ चा. निरुपा रॉय यांचा जन्म १९३१ चा, आणि पडद्यावरच्या धाकट्या मुलाचा, शशी कपूर यांचा, १९३८ चा. अंतर सात वर्षांचं. पुढे १९९० साली ‘अग्निपथ’ आला. त्यात आपल्या रोहिणी हट्टंगडी अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, आणि वयानं त्या अमिताभ यांच्यापेक्षा बऱ्याच लहान.

यावर लोक म्हणतात, अहो, अभिनय आहे तो, वय कशाला मोजता? मान्य. नटाला कुठल्याही वयाचं काम करता आलं पाहिजे. पण मग ही सूट एकाच बाजूला का? पंचेचाळिशीतल्या नायकासमोर विशीतली नायिका उभी राहते, आणि त्याच्याहून लहान बाई त्याची आई होते. पुरुषाचं वय पडद्यावर थांबतं, बाईचं दुप्पट वेगानं धावतं. अभिनयाचं कौतुक आहेच, पण काम कुणाला कुठलं द्यायचं हे ठरवणारा बाजार आहे.

पुरस्कारांनी हा बाजार दुरुस्त केला का? उलट, त्यावर शिक्का मारला. ‘अग्निपथ’साठी अमिताभना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रोहिणीताईंना फिल्मफेअर मिळालं ते सहायक अभिनेत्रीचं. कथा पाहाल तर ‘दीवार’ काय आणि ‘अग्निपथ’ काय, आईला बाजूला काढलं तर सिनेमाच उरत नाही. मुलगा जे करतो ते आईसाठी तरी करतो, नाहीतर आईच्या विरोधात. तरी आई ‘सहायक’.

आता दादासाहेब फाळके पुरस्कार घ्या. १९६९ पासून दिला जातो. पहिला मान देविका राणींना, म्हणजे सुरुवात बाईपासून झाली. त्यानंतर सुलोचना म्हणून गाजलेल्या रूबी मायर्स, कानन देवी, आपल्या दुर्गाबाई खोटे, लतादीदी, आणि २००० चा आशाताई भोसले यांना. मग २००१ ते २०१९ या वर्षांच्या पुरस्कारांत एकही बाई नाही. २०२० चा आशा पारेख यांना आणि २०२१ चा वहिदा रेहमान यांना मिळाला, तेव्हा ती रांग पुन्हा सुरू झाली. पन्नासहून जास्त मानकऱ्यांत या आठ जणी.

आणि ज्या वर्षांत बाई नाही, त्या वर्षांत कोण आहे बघा. २००२ चा देव आनंद. २०१४ चा शशी कपूर. २०१८ चा अमिताभ बच्चन. तिन्ही मुलगे फाळके पुरस्काराचे मानकरी झाले. त्यांच्या पडद्यावरच्या तिन्ही आया त्या यादीत नाहीत. मुलगे लायक नव्हते असं मी म्हणत नाही, होतेच. सुलोचनाबाईंना महाराष्ट्रानं २००९ साली महाराष्ट्र भूषण दिला, तेही खरं. पण देशाच्या सर्वोच्च सिनेसन्मानापर्यंत नायक पोचतो आणि आई दाराशी थांबते, याला योगायोग म्हणता येत नाही.

याला उत्तर काय? ‘बाईपण भारी देवा’ हे एक उत्तर होतं. २०२३ साली केदार शिंदे यांच्या या सिनेमात सहा बहिणी मध्यवर्ती होत्या, चाळिशीच्या पुढच्या. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने यांच्यासारख्या नट्या इथे कुणाच्या आई म्हणून आल्या नव्हत्या, स्वतः म्हणून आल्या होत्या. बायका गट करकरून थिएटरात गेल्या आणि मराठीतल्या सर्वाधिक कमाईच्या सिनेमांत तो जाऊन बसला. ‘वयस्क बायकांचा सिनेमा कोण बघतं’ या प्रश्नाचं उत्तर गल्ल्यावर मिळालं. माझी तक्रार एकच. त्या बहिणींना एकत्र येण्यासाठीसुद्धा मंगळागौरीची स्पर्धा लागते. मंगळागौर हे नव्या सवाष्णीचं व्रत. बाईच्या आनंदाला कुंकवाचा परवाना अजून लागतोच.

इथे आपण आपल्या गावात येतो. हळदीकुंकू असो, नवरात्र असो, निवडणूक जवळ आली की ‘खेळ पैठणीचा’ आलाच. टीव्हीवर २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं, आणि त्याच्या नकला वाड्यावस्त्यांवर पोचल्या. मालिकेतली नटी पाहुणी, माईकवर निवेदक, समोर ‘वहिनी’. पुरस्कार बाईला, पण ओळख नवऱ्याची. उखाणा घ्या, त्यांचं नाव घ्या. ज्या बाईचा नवरा गेला तिनं कुठे बसायचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. तो ठराव पैठणीच्या मांडवापर्यंत आला का, हे आपापल्या गावात बघा. पंचायतीत पन्नास टक्के जागा बायकांच्या आहेत, त्यामुळे ठराव करायला बाहेरून कुणी यायची गरज नाही.

बायकांनी खेळू नये, असं मी म्हणणार नाही. दिवसभर शेतात राबून तीन तास हसायला मिळत असतील, तर ते त्यांचे हक्काचे आहेत. पण खेळाचे नियम कोण ठरवतं ते विचारा. पुरस्काराचे नियम देवानं केलेले नसतात. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता, म्हणून लतादीदींनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला होता. १९५९ साली तो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला ‘मधुमती’साठी त्यांनाच मिळाला. एका बाईच्या ‘नाही’नं रकाना तयार झाला.

राजगड आपल्या उशाशी आहे. जिजाऊंचं नाव आपण रोज घेतो. जिजाऊ आणि शिवराय यांच्यात बत्तीस वर्षांचं अंतर मानतात. ‘पावनखिंड’मध्ये मृणाल कुलकर्णी आणि चिन्मय मांडलेकर यांच्यात ते जेमतेम आठ-दहा वर्षांचं आहे. जिच्या नावानं आपण छाती फुगवतो, तिच्या खऱ्या वयाची बाई पडद्यावर बघायची आपली तयारी आहे का? प्रश्न दिग्दर्शकाला आहे, तितकाच तिकीट काढणाऱ्या आपल्याला.