सात नोंदींची ओळ

धान, रोवणी, पऱ्हे, बांधी, मामा तलाव, साकोली, भंडारा जिल्हा.

ही ओळ पानावर कुठंच दिसत नाही. एका हौशी छायाचित्रकाराच्या ऑनलाइन गॅलरीत रोवणीचा एक फोटो आहे. त्या पानाचा सोर्स कोड उघडला, की वर हेडमध्ये मेटा कीवर्डच्या अवतरणचिन्हांत ती सापडते. सात नोंदी, सहा स्वल्पविराम, क्रियापद एकही नाही. पूर्वी त्या जागी ‘सुंदर, निसर्ग, हिरवळ, गाव, भारत, बेस्ट फोटो’ असा मजकूर होता. टेम्पलेटमध्ये एकदाच लिहिलेला, त्यामुळे भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांनाही तोच आणि आंबागडच्या बुरुजालाही तोच. कळकलेलं पितळ हिरवं दिसतं, हिरवळीशी संबंध असलाच तर तेवढा. आता टेम्पलेटमधली ठरीव ओळ काढली आहे आणि प्रत्येक पान त्या-त्या फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या वर्णनाच्या, म्हणजे आयपीटीसी, नोंदींतून आपले शब्द उचलतं.

जुन्या ओळीचा दोष एकट्या त्या छायाचित्रकाराचा नव्हता. नव्वदच्या दशकात अल्टाव्हिस्टा, इन्फोसीक यांसारखी शोधयंत्रं हे शब्द वाचत, म्हणून लोकांनी त्यांत वाटेल ते कोंबलं. सप्टेंबर 2009 मध्ये गूगलनं जाहीरच केलं, की वेब शोधात पानांचा क्रम लावताना हा टॅग आम्ही विचारात घेत नाही. म्हणजे आज अशी ओळ दुरुस्त करून गूगलवर वर चढता येत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नयेत. गॅलरीचा स्वतःचा शोधचौकोन तो टॅग वाचत असेल तर तेवढा उपयोग उरतो. मला मात्र ही ओळ आवडते ती लिहिणाऱ्यानं फोटोत काय पाहिलं ते तिच्यातून कळतं म्हणून.

पहिला शब्दच पाहा. ‘भात’ लिहिलं असतं तर चूक नव्हती, पण पूर्व विदर्भात शेतात धान असतं आणि भात ताटात. दुसऱ्या शब्दाला मी अधिक गुण देईन. कोकणात, मावळात याच कामाला लावणी म्हणतात. तो शब्द शोधचौकोनात टाकला, की चिखलातल्या पायांच्या आधी घुंगरू बांधलेले पाय येतात. ‘रोवणी’नं हा घोळ टळतो, शिवाय फोटो कोणत्या मुलखातला तेही जिल्ह्याचं नाव येण्याआधीच कळतं. मग पऱ्हे, म्हणजे उपटून आणलेली कोवळी रोपं, आणि ती जिथं रोवायची ती बांधी. हातातलं आधी, पायाखालचं नंतर, त्यामागचं पाणी त्याहून नंतर, आणि शेवटी तालुका, जिल्हा. नजर जशी मागं सरकत जाते तसेच शब्द लागले आहेत. हे ठरवून केलं की आपसूक झालं, कोण जाणे. यंत्राला क्रमाशी देणंघेणं नाही, वाचणाऱ्याला आहे.

‘मामा तलाव’ वाचून बाहेरचा माणूस हसेल. माजी मालगुजारी तलावाचं हे सरकारी कागदांतूनही रुळलेलं संक्षिप्त रूप. 1950 च्या कायद्यानं जमीनमहसुलाची मालगुजारी पद्धत संपली, तलाव सरकारकडे आले आणि नावात ‘माजी’ शिरलं. यांतले कितीतरी तलाव कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांनी बांधलेले. फोटोत पाण्याची एक पातळ रेघ तेवढी दिसते. तिच्यामागचा इतिहास फोटो सांगू शकत नाही, हा शब्द सांगतो. सगळ्या ओळीत सर्वांत कमावता शब्द हाच.

‘भंडारा’पुढचा ‘जिल्हा’ही भरतीचा नाही. नुसत्या ‘भंडारा’वर जेजुरीची हळद उधळते नाहीतर उत्तरेकडच्या पंगती बसतात. या नोंदीत काळही जपावा लागतो. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याआधी टिपलेल्या नवेगावबांधच्या फोटोवर ‘भंडारा’ असेल तर ते खोडू नये, शेजारी ‘गोंदिया’ जोडावं. उलट ‘साकोली’ मला तोकडं वाटतं. तालुका मोठा आहे, गावाचं नाव हवं होतं. महिनाही नाही. रोवणी पावसाळ्यातली हे माहीत आहे, पण पाऊस वेळेवर आला की लांबला, हे महिन्यावरूनच समजलं असतं.

चित्राशेजारी नाव लिहिण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. पवनीला 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर दोन हजार वर्षांहून जुना स्तूप उजेडात आला. तिथल्या शिल्पांत बुद्धकथेतला मुचलिंद नाग आहे आणि तो मुचलिंद आहे हे शेजारी ब्राह्मीत कोरलेलं आहे. त्याला ‘सुंदर नाग’ म्हणावं असं कोरणाऱ्याला वाटलं नाही. त्याच स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांचीही नावं आहेत.

पवनीचे हे लेख डोळ्यांपुढे ठेवून पुन्हा सात नोंदींकडे आलो, की एक उणीव खटकते. फोटोत पाच-सहा बाया वाकून रोवताहेत, चौकटीचा अर्धा भाग त्यांनी व्यापला आहे, आणि ओळीत त्या नाहीत. रोप आहे, चिखल आहे, पाणी आहे, रोवणारं कुणी नाही. त्यांची व्यक्तिगत नावं न विचारता जालावर टाकू नयेत हे खरंच, पण ‘रोवणाऱ्या बाया’ एवढं म्हणायला कुणाची हरकत नव्हती.

याच पानावर फोटोच्या ऑल्ट मजकुराची जागा अजून रिकामी आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी स्क्रीन रीडर तो मजकूर मोठ्यानं वाचतो, त्यामुळे तिथं स्वल्पविरामांनी तोडलेली नामं शोभत नाहीत, वाक्य लिहिलेलं बरं. वाक्याला क्रियापद लागतं, क्रियापद आलं की कर्ता टाळणं अवघड होतं: ‘साकोली तालुक्यात मामा तलावाखालच्या बांधीत बाया वाकून धानाचे पऱ्हे रोवत आहेत.’