नेम आणि मसलत

जो तरुण वर्षानुवर्षे रोज रात्री शंभर जणांबरोबर बीजीएमआय या मोबाइल खेळातल्या बेटावर विमानातून उडी मारतो, घराघरांतून बंदुका आणि दारूगोळा गोळा करतो, आकसत जाणाऱ्या झोनच्या आत धावत राहतो, आणि एके दिवशी, जिंकत असतानाच, फोन बाजूला ठेवून ‘यात आता राम उरला नाही’ असे म्हणतो, त्याच्या कंटाळ्याला आळस समजून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. तिसऱ्या अंकात नाटक पडते हे ज्याच्या ध्यानी येते त्या प्रेक्षकाइतकाच तोही जाणता असतो. मात्र नाटकाविषयी बोलण्याची आपल्याकडे जुनी आणि समृद्ध परंपरा आहे, आणि व्हिडिओ गेम या कलेविषयी मराठीत गांभीर्याने लिहिलेले फार थोडे आढळते.

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना लागणाऱ्या बिद्रीत, दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या बाडबिस्तरा भरून आपापल्या मुलखाकडे परतल्या आणि कॉलेजांच्या परीक्षा उरकल्या, म्हणजे कागल, भुदरगड आणि राधानगरी तालुक्यांतल्या पोरांपुढे जो रिकामा उन्हाळा पसरतो, त्यात एक प्रश्न हमखास कानी येतो: ‘बीजीएमआयचा कटाळा आलाय, दुसरं काय खेळू, सांग की.’ मिळणारे उत्तर बहुधा त्याच जातीच्या दुसऱ्या खेळाचे नाव असते. बेट बदलते, बंदुकांचे रंग बदलतात, आणि पंधरा दिवसांत तोच कंटाळा नव्या ठिकाणी येऊन बसतो. प्रश्न मनापासून विचारलेला असल्याने उत्तरही विचारपूर्वक दिले पाहिजे, आणि त्यासाठी आधी कंटाळ्याचे मूळ शोधले पाहिजे.

माझ्या मते हे मूळ एकच आहे. ज्या खेळात चुकीला किंमत नाही, त्या खेळात विजयालाही किंमत उरत नाही. २०१८ साली पबजी मोबाइल आला तेव्हा त्याने हिंदुस्थानातल्या तरुणांना काही अपूर्व दिले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे: महागड्या संगणकाशिवाय, साध्या फोनवर, चार दोस्तांनी एकमेकांना हाका मारीत एकाच रणांगणात उतरावे, ही सोय त्यापूर्वी गावोगाव पोहोचली नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने परतला, पुढच्या वर्षी पुन्हा अंतर्धान पावला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा प्रकटला. एवढ्या उलथापालथीत त्याचा चाहता टिकला, तो त्या मैत्रीच्या बळावर. परंतु खेळ म्हणून पाहिले तर, त्यात मेलेला खेळाडू मिनिटभरात दुसऱ्या सामन्यात पुन्हा उडी मारतो, आधीच्या मरणाचा भार नव्या सामन्यावर पडत नाही, आणि जिंकलेल्याच्या पदरी पडतो तो बहुतांशी पोशाखांचा सरंजाम. क्लॅश ऑफ क्लॅन्स या २०१२ सालच्या फिनिश खेळाची गोष्ट याहून खेदजनक आहे, कारण तेथे बुरुज वाढवण्याचा हुकूम दिल्यावर तास न् तास, पुढे पुढे तर दिवस न् दिवस, वाट पाहावी लागते, आणि ही वाट पैसे मोजून आखूड करता येते. ज्या कारभारात कंटाळा हीच विक्रीची वस्तू होऊन बसली, त्याला डावपेचांचा खेळ म्हणणे मला जड जाते.

नेमबाजीचे मोल काय असते हे पाहण्यासाठी बिद्रीकराला दूर जावे लागत नाही. शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकात ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्याआधी, २०१० साली, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनच्या जगज्जेत्या ठरल्या. या दोन्ही प्रकारांत पन्नास मीटरांवरच्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. थ्री पोझिशन्समध्ये गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने, अशा तिन्ही आसनांत श्वास, नाडी आणि बोटाचा दाब यांचा मेळ बसवावा लागतो, आणि सुटलेली गोळी परत घेता येत नाही. व्हिडिओ गेमने या कलेची नक्कल करावी असे माझे म्हणणे नाही. परंतु गोळी परत घेता येत नाही ही जाणीव ज्या खेळाने जपली, तोच खेळ काळाच्या कसोटीस उतरला, असे इतिहास पाहता दिसते.

आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांनी सायबर कॅफेत बसून ‘प्रोजेक्ट आयजीआय’ खेळलेला असेल. नॉर्वेतील इनरलूप स्टुडिओजने २००० साली काढलेल्या या खेळाचे शत्रू मंदबुद्धीचे होते, त्याची कथा सामान्य होती. तरीही तो स्मरणात राहिला, कारण मोहिमेच्या मध्यावर खेळ जतन करण्याची सोयच त्यात नव्हती. टेकडीवर आडवे पडून दुर्बिणीतून तळ न्याहाळावा, पहारेकऱ्याची फेरी ध्यानात घ्यावी, धोक्याची घंटा कोठे आहे ते हेरावे, कॅमेऱ्याची नजर चुकवून कुंपण ओलांडावे, आणि शेवटच्या इमारतीच्या दारात एका बेसावध क्षणी गोळी लागली की पुन्हा पहिल्या टेकडीपासून आरंभ. हा जाच होता हे खरे, पण त्या जाचामुळे प्रत्येक पाऊल विचाराने पडत असे. काउंटर-स्ट्राइकने हेच तत्त्व अधिक शिस्तीने अमलात आणले. मेलेल्या खेळाडूने फेरी संपेपर्यंत गप्प बसून सोबत्यांची झुंज पाहायची, फेरी हरली तर पुढच्या फेरीत शस्त्रखरेदीला पैसे कमी पडायचे, आणि म्हणून कधी कधी चांगली बंदूक घेण्याचा मोह आवरून सगळ्या पथकाने कंजूषपणा करायचा: नेमाला खजिन्याचा हिशेब जोडणारी ही तजवीज इतकी निर्दोष आहे, की १९९९ साली ‘हाफ-लाइफ’च्या अंगावर वाढलेला हा खेळ २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ या रूपात नव्याने आला तरी तिचा गाभा कोणी बदलला नाही. जो बीजीएमआयला कंटाळला आहे पण ज्याचा हात अद्याप बंदुकीसाठी शिवशिवतो, त्याने पहिल्याने येथे यावे. एकट्याने खेळणाऱ्यास मी २०१६ सालचा ‘सुपरहॉट’ सुचवीन, ज्यात आपण हललो तरच काळ पुढे सरकतो आणि हवेत थबकलेल्या गोळीकडे पाहत पुढचे पाऊल ठरवता येते. त्याच वर्षीच्या ‘डूम’ची आतषबाजी देखणी आहे, पण ती एका उन्हाळ्यापुरती.

मात्र खरे समाधान हवे असेल तर बंदूक खाली ठेवून नकाशापुढे बसले पाहिजे. सबसेट गेम्सचा ‘इन्टू द ब्रीच’ (२०१८) हा मला अलीकडच्या काळातला सर्वांत नेटका डावपेची खेळ वाटतो. बुद्धिबळासारखाच आठ बाय आठ घरांचा पट, आपल्याकडे फक्त तीन यंत्रे, आणि शत्रू पुढच्या खेपेस कोणत्या घरावर घाव घालणार हे आधीच उघड लिहिलेले! आता शत्रूस मारणे पुष्कळदा अशक्य असते. पण त्याला एक घर ढकलले तर त्याचाच घाव त्याच्या सोबत्यावर पडतो, आणि तेही साधले नाही तर वस्तीवरचा प्रहार आपल्या यंत्राच्या अंगावर झेलायचा की इमारत गमवायची, हा निर्णय उरतो. येथे दैवाला दोष देण्यास फारशी जागा नाही. ‘एक्सकॉम’ (२०१२, आणि त्याचा दुसरा भाग २०१६) याच्या उलट टोकाला आहे. तेथे प्रत्येक गोळीवर शेकड्यांत शक्यता लिहिलेली असते, पंचाण्णव टक्क्यांचा नेमही चुकतो, आणि आपण नाव दिलेला, मोहिमेमागून मोहीम वाढवलेला शिपाई कायमचा जातो. एकच नोंद ठेवणारा ‘आयर्नमॅन’ प्रकार निवडला तर ती चूक पुसताही येत नाही. नव्या माणसाने आरंभीच हा प्रकार घ्यावा असे मात्र मी म्हणणार नाही. हरण्याची सवय अंगी मुरावी लागते. ज्याच्यापाशी फोनखेरीज काही नाही, त्याने ‘एक्सकॉम २’ किंवा ‘रोम: टोटल वॉर’ यांच्या फोनवरच्या आवृत्त्या एकदाच पैसे देऊन घ्याव्यात.

‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ चा, २०१९ मध्ये तो नव्या रूपात आला आणि आजही जगभर त्याच्या अटीतटीच्या स्पर्धा चालतात. मेंढ्या हाकण्यापासून आणि लाकूड तोडण्यापासून सुरू होणारा हा खेळ वरवर युद्धाचा, पण आतून जमाबंदीचा आहे: किती माणसे शेतात, किती जंगलात, किती सोन्याच्या खाणीत, हे ज्याला साधले त्याची फौज आपोआप उभी राहते. बिद्रीच्या ज्या पोराने घरच्या उसाचा तोडणीचा क्रम आणि पाण्याची पाळी सांभाळली आहे, त्याला ही विद्या परकी वाटू नये.

येथे मराठी माणसाला सलणारा विषय येतो. २०२२ साली याच खेळात हिंदुस्थानी, गुर्जर, द्राविड आणि बंगाली असे चार समाज स्वतंत्रपणे मांडले गेले. देवगिरीच्या यादवांचे दख्खन त्यांत नाही. तिसऱ्या भागाच्या २००७ सालच्या पुरवणीत हिंदी पक्षाने गाय न मारता तिला पवित्र कुरणात ठेवून अनुभवाचे गुण मिळवावेत, अशी कल्पक योजना होती, पण फौजेची ओळख शिपाई, उंट आणि हत्ती यांच्यापलीकडे फारशी गेली नाही. ‘एम्पायर: टोटल वॉर’ने (२००९) मराठ्यांचे राज्य खेळाडूच्या हाती सोपवले, आणि त्याची मोहीम सुरू होते ती १७०० सालापासून. त्याच वर्षी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, पुढच्याच महिन्यात साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला, आणि ज्या ताराराणींच्या नावाशी कोल्हापूरची गादी जोडलेली आहे त्यांनी कारभार हाती घेतला. इतका नाट्यपूर्ण आरंभ मिळूनही खेळाने त्यातून घडवले ते काय, तर मोकळ्या मैदानात समोरासमोर रांगा धरून बंदुका झाडणाऱ्या युरोपीय फौजेची एक रंगीत प्रत. त्यात रसदेचा हिशेब जवळजवळ नाहीच. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ बाजीरावांनी निजामाचा तोफखाना मागे पडू दिला, दाणापाणी तोडले आणि मोठी लढाई न देता त्याला मुंगी-शेवगावच्या तहापर्यंत आणले. ही मसलत ‘एम्पायर’मध्ये खेळताच येत नाही, कारण तेथे उपाशी फौज म्हणून काही नसते.

या बाबतीत ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) पुष्कळ पुढे आहे. १४४४ पासून १८२१ पर्यंतचा काळ, मराठी संस्कृतीचे छोटे संस्थान वाढवत मराठा राज्य उभारण्याची मुभा, प्रत्येक मुलखाला किती फौज पोसता येईल याची मर्यादा, वाट अडवणारे किल्ले, आणि स्वतःचाच मुलूख जाळून शत्रूची उपासमार करण्याचा अधिकार: हे सर्व त्यात आहे. त्याचे पडदे रुक्ष आहेत, पहिला आठवडा काहीच उमजत नाही, पुरवण्यांची किंमत डोळ्यांत भरते. तरीही ज्याला इतिहासाची गोडी आहे त्याला मी हाच खेळ सर्वांआधी देईन.

पण यातला कोणताही खेळ पन्हाळ्याच्या कड्यापर्यंत पोहोचत नाही. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठेक मावळ्यांनिशी रात्री कडा चढून पन्हाळा घेतला. त्या प्रसंगावर जयराम पिंडे यांनी ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. साडेतीनशे वर्षे झाली तरी व्हिडिओ गेमच्या कलेने त्याला तोलामोलाचे उत्तर दिलेले नाही. यासाठी लागणारा घाट अस्तित्वात नाही असे नव्हे. स्पेनच्या पायरो स्टुडिओजचा ‘कमांडोज’ (१९९८) हा घाट घेऊन आला: मूठभर माणसे, प्रत्येकाची विद्या वेगळी, आणि पहारेकऱ्याच्या नजरेचा पट्टा पडद्यावर फिरताना स्पष्ट दिसणारा. म्युनिकच्या मिमिमी या संस्थेने २०१६ मध्ये ‘शॅडो टॅक्टिक्स’मध्ये तो सतराव्या शतकाच्या जपानला इतक्या प्रेमाने बसवला, की बर्फावर उमटलेल्या पावलांनी पहारेकरी माग काढतो, अशा बारकाव्यानेही डाव फिरतो. सतरावे शतक आपलेही होते. आपल्या लेण्यांत आणि गडांवर दगडात कोरलेले नवकंकरीचे आणि वाघबकरीचे पट आढळतात, आणि वाघबकरीत तर दोन्ही बाजूंची संख्या आणि चाल दोन्ही असमान असतात. थोड्यांनी पुष्कळांशी कसे खेळावे हा विचार या मातीत नवा नाही.

करणारे हातही आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ (२०२०) या खेळात हिंदी शिल्प आणि पुराणकथा यांना देखणे रूप दिले. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा बीजीएमआयच्याच जातीचा बॅटल रोयाल काढला, आणि त्यात कॉस्मियम हे द्रव्य हस्तगत करणारा, शत्रू जिवंत असतानाही, जिंकू शकतो असा नियम घालून शेवटच्या मिनिटाला निराळे वळण दिले. ही कल्पकता गर्दीच्या बाजारातल्या आणखी एका बेटावर खर्च व्हावी याची मला हळहळ वाटते.

पुण्याच्या मंडळींनी पन्हाळ्याला येऊन तटाची उंची, कड्याचा उतार आणि दरवाज्यांमधले अंतर मोजावे, पात्रांना मराठीत बोलू द्यावे, आणि आरंभी तीनच प्रसंग घ्यावेत: लाल महाल १६६३, सिंहगड १६७०, पन्हाळा १६७३. पहिल्यात वेळ अपुरा, दुसऱ्यात सरदार पडल्यावर फौजेचा धीर सावरायचा, तिसऱ्यात संख्या तोकडी. तिन्हींचे नियम वेगळे असावेत, आणि कोणत्याही प्रसंगात पैसे देऊन मावळे वाढवण्याची सोय नसावी.